तांडेलाचे कान

हुसेनने कुत्र्याचं पिल्लू शेतावर आणलं, तेव्हा त्याच्या डोक्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा एवढा मोठा डोलारा होता की बाळा पेंटरला वाटलं, गाडीखाली येऊन बिचाऱ्याचं डोकं फुटलंय. तो हळहळला आणि सकाळच्या डब्यातला माशाचा तुकडा आणायला केबिनमध्ये गेला.

अपघात वगैरे काही झाला नव्हता. पिल्लू डोबरमनचं होतं. या जातीच्या कुत्र्यांचे कान जन्मतः लोंबते असतात. कुत्रं उग्र दिसावं म्हणून कोणीतरी ते कापून टोकदार केले होते, आणि टाके निघाल्यावर ते ताठ उभे राहावेत म्हणून प्रत्येक कानात एक टेकू घालून वरून चिकटपट्टी गुंडाळली होती. दोन्ही कानांना जोडणारा पट्टीचाच एक पूलही होता. दर थोड्या दिवसांनी हे सगळं सोडायचं, कान पुसायचे, वारा लागू द्यायचा आणि पुन्हा बांधायचं. असं काही महिने केलं की कान कायमचे उभे राहतात. हुसेनने हे मोबाइलवर व्हिडिओ दाखवून, निम्मं हिंदीत आणि निम्मं हातवाऱ्यांनी समजावलं.

कुवेतच्या दक्षिणेला वफ्र्यातलं ते शेत हुसेनच्या वडिलांचं. काकडी-टोमॅटोची हरितगृहं, खजुराच्या रांगा, थोड्या शेळ्या आणि मधोमध नव्याने बांधायला घेतलेली दिवाणिया, म्हणजे पाहुण्यारावळ्यांची मोठी बैठक. तिच्या कामावर तिघे कोकणी होते. जयराम राणे एसीचे डक्ट बसवायचा, दत्तप्रसाद सुतारकाम आणि छत बघायचा, बाळा रंग काढायचा. तिघेही एकाच कंपनीत, तिघेही सिंधुदुर्गातले. कंपनीची खोली सबाह अल-सालेमला होती, पण रोजचं येणं-जाणं लांब पडायचं म्हणून काम संपेपर्यंत त्यांचा मुक्काम शेतावरच्या पोर्टा केबिनमध्येच होता.

हुसेनच्या आईने कुत्रं घरात घ्यायला साफ नकार दिला होता. शेताचा राखणदार नझीर पाच वेळा नमाज पढणारा. कुत्र्याची लाळ कपड्यांना लागली की सगळं धुवावं लागतं, तेव्हा खाणं-पाणी लांबून घालीन पण अंगाला हात लावणार नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं. मग हुसेनने आजूबाजूला बघितलं. जयराम तांब्याच्या पाइपांवर इन्सुलेशनची टेप गुंडाळत होता. वेढ्याला वेढा लागून, कुठे सुरकुती नाही, कुठे फट नाही. हुसेन थोडा वेळ ते बघत राहिला आणि मग म्हणाला, की हे काम तूच करणार. पट्टीचं एक रीळ त्याने जयरामच्या हातात दिलं, पिल्लाचं नाव थंडर आहे असं सांगितलं आणि तो शहरात निघून गेला.

थंडर हे नाव जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकलं. दत्तप्रसादला ते नीट ऐकू आलं नव्हतं. जेवायला बसताना त्याने विचारलं, “तांडेल खंय गेलो?” आणि दुसऱ्या दोघांना ते इतकं पटलं की पुढे कोणी थंडर म्हणालंच नाही. होडीवर सगळ्या खलाशांचा जो म्होरक्या असतो, तो तांडेल. पिल्लूही चारही पाय फाकून, छाती काढून असं उभं राहायचं की जणू वाळू हलतेय आणि सगळी होडी त्याच्या जिवावर चाललीय.

पहिल्याच आठवड्यात तांडेल शेळ्यांच्या पाण्याच्या टाकीत पडला. पट्ट्या भिजून गळ्यात आल्या आणि टेकू कुठेतरी तरंगत गेले. हुसेनने दिलेलं रीळ जयरामने सराव करण्यातच संपवलं, कारण तांब्याचा पाइप मान हलवत नाही आणि हे पिल्लू सारखं हलवत होतं. शेवटी तिघांनी ठरवलं की आपण तीन कारागीर आहोत, आपल्याकडे टेपला काय तोटा.

बाळाने आधी आपली मास्किंग टेप लावली. रंगाची कड सरळ यावी म्हणून लावतात ती. ती सहज निघावी अशीच बनवलेली असते, त्यामुळे ती सहज निघाली आणि तांडेलाने खाल्ली. दत्तप्रसादचं म्हणणं पडलं की दोष पट्टीचा नसून टेकूचा आहे. त्याने लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्या रंधून, कडा घासून, अगदी गुळगुळीत करून दिल्या. काम सुबक होतं, पण ते डोक्यावर चढवल्यावर पिल्लू दशावतारातल्या राजासारखं मुकुट सावरत चालू लागलं आणि दारात दोन्ही बाजूंना अडकलं. ती लाकडं पडू नयेत म्हणून जयरामने वरून डक्टची ॲल्युमिनियम टेप मारली. ती मात्र पडली नाही. ती आयुष्यात पडत नाही.

ती काढताना तांडेल असा ओरडला की नझीर हरितगृहातून फावडं घेऊन धावत आला. टेपेबरोबर केस निघाले होते. डाव्या कानाच्या मागे कातडी लाल झाली होती आणि दुसऱ्या दिवशी तिथून पाणी यायला लागलं.  जयरामने हुसेनला फोटो पाठवला. हुसेन मित्रांबरोबर तुर्कस्तानात फिरत होता. त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला.

जनावरांचा डॉक्टर शहरात होता आणि कंपनीची गाडी आठवड्यातून एकदाच यायची. तेव्हा बाळा म्हणाला, की तुझी ती नर्स आहे ना, तिला विचार.

ती नर्स म्हणजे मालन सावंत. मालवणजवळच्या आचऱ्याची. कुवेतच्या एका मोठ्या इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीत कामाला होती आणि सलव्याला एका फ्लॅटमध्ये दुसऱ्या नर्सबरोबर राहायची. जयरामच्या वहिनीने तिचा नंबर कधीचा पाठवला होता. दोघांनीही चाळिशी ओलांडलेली. जयरामचं लग्न बहिणींच्या लग्नांपायी राहिलं, मालनचं भावांच्या शिक्षणापायी. घरच्यांच्या हिशेबाने यापेक्षा चांगला जोडा मिळणं कठीण होतं. जयरामने उन्हाळ्यात एकदा फोनही केला होता. पण तो घाबरला की त्याची मालवणी पळून जायची आणि तो शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायला लागायचा. आपली प्रकृती कशी आहे, तिथलं हवामान कसं आहे, एवढं विचारून झाल्यावर दोघेही गप्प झाले आणि कोणीतरी फोन ठेवला. त्यानंतर परत लावायचा त्याला धीर झाला नाही. लावून बोलायचं काय, हा मुख्य प्रश्न होता.

आता बोलायला विषय होता. काम सुटल्यावर त्याने हातपाय धुतले, केस विंचरले, आणि फोन लावला.

“नमस्कार. मी जयराम राणे बोलतोय. आपल्याला वेळ आहे का? कानाबद्दल विचारायचं होतं.”

मालन नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिने नर्सच्या सवयीने सरळ चौकशी सुरू केली. कुठला कान? डावा. पाणी येतंय का? येतंय. लाली? मागच्या बाजूने आहे. कानात काही घातलं होतं का, असं तिने विचारल्यावर जयरामने प्रामाणिकपणे सांगितलं की लाकडाची पट्टी घातली होती. पलीकडे जरा शांतता झाली. मग तो म्हणाला की वरून ॲल्युमिनियमची टेप होती. शांतता वाढली. हे करायला कोणी सांगितलं, असं तिने विचारलं. कोणी नाही, आम्ही तिघांनी मिळूनच केलं, असं जयराम म्हणाला.

“झोप लागते का?” मालनने विचारलं.

“लागते. पण मध्येच उठून दत्तप्रसादच्या चपला चावतो.”

“कोण?”

“तांडेल. म्हणजे आमचा कुत्रा.”

मालन जिथे उभी होती तिथेच, फ्लॅटच्या जिन्यावर, खाली बसली. तिने फोनवर हात ठेवला आणि पोट धरून हसली. तिच्या खोलीतली बिल्कीस दार उघडून बघायला आली, इतकी हसली. पण फोनवरचा हात काढला तेव्हा तिचा आवाज पुन्हा इस्पितळातल्यासारखा झाला होता. तिने व्हिडिओ लावायला सांगितलं.

कुत्रा दिसल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हे कान कापले कोणी. तिघांनी एका सुरात आम्ही नाही म्हणून सांगितलं. ज्याने कापले त्याच्याबद्दल ती जे बोलली ते शाळेच्या पुस्तकातलं नव्हतं. मग तिने कामाचं सांगितलं. आधी उकळून गार केलेलं मिठाचं पाणी करा, त्याने जखम पुसा आणि ती कोरडी होईपर्यंत कान उघडाच ठेवा. राहिलेला गोंद ओढून काढू नका, खोबरेल तेल लावा, थोड्या वेळाने आपसूक सुटेल. ॲल्युमिनियमची टेप कुत्र्याच्याच काय, माणसाच्याही जवळ आणू नका. रोज संध्याकाळी मला कान दाखवा.

रोज, हा शब्द जयरामच्या मनात बराच वेळ घोळत राहिला.

जखम सुकली. मालनने कंपनीच्या गाडीबरोबर कागदी चिकटपट्टी, कापूस आणि मऊ बँडेज पाठवून दिलं. टेकूसाठी काय वापरावं हे तिला सुचत नव्हतं. कडक नको, मऊ हवं, पण वाकायला नको. जयराम म्हणाला, की खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फट राहते तिच्यात आम्ही फोमची गोल दोरी भरतो, ती चालेल का. त्याने कॅमेऱ्यासमोर तिचा तुकडा वाकवून दाखवला. मालनने त्याला तो बँडेजमध्ये गुंडाळायला सांगितला आणि मग बुडाशी पट्टी कशी घ्यायची, किती ओढायची, रक्त अडू नये म्हणून बोट आत कुठे जायला हवं, हे सगळं शिकवलं. बाळा फोन धरायचा, दत्तप्रसाद कुत्रा धरायचा आणि जयराम बांधायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वेढे इतके सारखे पडले की मालन म्हणाली, इस्पितळात नवीन आलेल्या मुलींना इतकं नीट जमत नाही. जयरामचे स्वतःचेच कान लाल झाले.

पट्टी काही रोज बदलायची नसते, पण फोन रोजचा झाला. आधी कानाविषयी बोलणं व्हायचं, मग कानाच्या आजूबाजूचं. मालन दिवसभर लोकांच्या जखमा बांधायची. ती सांगायची, की भाजलेला माणूस पहिल्यांदा डोळे मिटून घेतो आणि शेवटी एकदा कधीतरी आपला हात बघतो, तो दिवस तिला ओळखता येतो. जयराम ऐकून घ्यायचा. त्याला डक्टबद्दल तसं काही सांगता येत नसे, तरी तो सांगायचा, की हवा दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं ती कशीही जाते, पण तिला वळण अवघड दिलं तर ती आवाज करते. मालनला ते आवडलं. एकदा तिने स्वतःहून सांगितलं, की तिची ड्युटी बदललीय आणि आता संध्याकाळ मोकळी असते. जयराम म्हणाला, फार छान, आपल्याला विश्रांती मिळेल.

अजूनही सगळं ‘आपण’ आणि ‘कृपया’मध्येच चाललं होतं. फोन लागला की बाळा म्हणायचा, आकाशवाणी सुरू झाली.

थंडी सरत आली आणि एका सकाळी पट्ट्या सोडल्यावर डावा कान पडला नाही. एरवी तो सुटला की ओल्या पानासारखा बाजूला झुकायचा. उजवाही पडला नाही. तांडेलाने डोकं झाडलं, शेळ्यांकडे धावत गेला, परत आला, आणि दोन्ही कान होते तसे उभे. दत्तप्रसादने त्याला उचलून घेतलं. बाळाने फोटो काढले. जयराम हसला, पण त्याचं हसू जेवणापर्यंत पुरलं नाही. संध्याकाळी फोन लावायचा तो कशासाठी, हे त्याला कळेना.

दुपारी तो पट्ट्या घेऊन आला आणि त्याने कान परत बांधले.

दत्तप्रसादने विचारलं, की उभे राहिलेत तर आता कशाला. जयराम म्हणाला, हवा दमट आहे, पुन्हा पडतील. वफ्र्याला, जिथे सकाळी धुतलेला शर्ट चहा होईपर्यंत वाळतो, तिथे हे कारण दत्तप्रसादने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. त्याने बाळाकडे बघितलं आणि बाळाने त्याच्याकडे. जयरामने बाळाला ते फोटो कोणाला पाठवू नकोस म्हणून सांगितलं. संध्याकाळी मालनने विचारलं तेव्हा तो म्हणाला, सुधारणा आहे, पण अजून थोडे दिवस लागतील.

हे थोडे दिवस लांबत गेले. तांडेलाला काय, सवय झाली होती. पट्टी घेऊन जयराम आला की तो समोर येऊन बसायचा आणि डोकं पुढे करायचा. ते डोकं पुढे केलं की जयरामला वाईट वाटायचं. रोज तो ठरवायचा की उद्या सांगून टाकू. हुसेन एकदा येऊन गेला. अजून पट्ट्या बघून तो जरा खट्टू झाला, पण जयरामने त्याला ‘शुवय शुवय’, म्हणजे हळूहळू, असं सांगितलं आणि ते त्या मुलाला पटलं, कारण दिवाणियाचं कामही त्याच वेगाने चाललं होतं.

मालनला मात्र पटलं नाही. कान इतका वेळ घेतोय म्हणजे आत काहीतरी बिघडलं असणार, बुडाशी रक्त अडलं असणार, असं तिच्या मनाने घेतलं. तिने इस्पितळात एका डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, बघितल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून गुरुवारी तिने जयरामला सांगितलं की उद्या सुट्टी आहे, बिल्कीसकडे गाडी आहे, आम्ही दोघी येऊन कान बघून जातो.

जयरामने केबिनमध्ये येऊन दोघांना हे सांगितलं. पट्ट्या आत्ताच काढाव्यात आणि कालच उभे राहिले म्हणून सांगावं, असं बाळाने सुचवलं. दत्तप्रसादने सुचवलं की कुत्रा हरवला म्हणून सांगावं. जयरामने दोन्ही ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. शुक्रवारी तो उठला, नझीरकडून भाजी आणली, फ्रीझरमधले बांगडे काढले, त्यांचं घट्ट रश्शाचं तिखलं केलं आणि केबिनसमोरची वाळू झाडली. वाळू झाडून काय होणार, असं बाळाने विचारलं. तो झाडत राहिला.

बिल्कीस रत्नागिरीची. बोलायला मोकळी आणि गाडी चालवायला त्याहून मोकळी. तिने गाडी थेट केबिनच्या पायरीला आणून लावली. मालन उतरली. व्हिडिओत नेहमी फक्त चेहराच दिसायचा, त्यामुळे ती इतकी उंच असेल असं जयरामला वाटलं नव्हतं. त्याने नमस्कार केला. तिनेही केला. मग तिने पिशवीतून कात्री, कापूस, मिठाच्या पाण्याची बाटली असं सगळं काढलं, रंगाचा एक रिकामा डबा उलटा करून त्यावर बसली आणि तांडेलाला बोलावलं. तो आला, समोर बसला आणि त्याने डोकं पुढे केलं.

तिने आधी पट्टीखाली बोट घालून बघितलं. मग वास घेतला. मग कात्रीने पूल कापला आणि हळूहळू वेढे सोडवले. फोमचा टेकू निघाला. कान ताठ उभा. दुसरा सोडवला. तोही ताठ. तिने एक कान बोटाने खाली दाबला आणि सोडून दिला. तो टणकन वर आला. कातडी कोरडी होती, केस पूर्ण आले होते, कुठे सूज नाही, लाली नाही. 

“हे कधीपासून उभे आहेत?” तिने विचारलं.

बाळा रंगाचा ब्रश धुवायला गेला. तो ब्रश कोरडा होता. दत्तप्रसादने आकाशाकडे बघितलं. जयराम पायाखालच्या झाडलेल्या वाळूकडे बघत होता. त्याने सुरुवात केली, की त्याचं असं झालं की आपण, म्हणजे आम्ही, हवामानाच्या दृष्टीने. तिथे त्याचं शाळेचं पुस्तक संपलं.

“थंडीतच उभे रवले,” तो म्हणाला. “पण कान उभे रवले तर मगे फोन कित्याक करू, ह्या माका कळाक नाय.”

बिल्कीसने तोंडावर ओढणी धरली. मालन मात्र हसली नाही. तिला खरोखरच राग आला होता.

“आणि त्येच्यासाठी ह्या मुक्या जिवाक बांदून ठेवलंस?” ती म्हणाली. “लाज नाय वाटली?”

“वाटली,” जयराम म्हणाला. “रोज वाटत होती.”

“मी थंय दागदरांका विचारीत फिरतंय, ह्येचो कान सडलो की काय म्हणान, आणि तू...” तिने वाक्य सोडून दिलं, कात्री पिशवीत टाकली, पुन्हा बाहेर काढली आणि पुन्हा टाकली. “माझी ड्युटी बदलली, सांजची मी मोकळी असतंय, ह्या मी तुका चार वेळा सांगलंय. उगीच सांगलंय?”

जयरामने विचार केला.

“माका वाटला, अशीच माहिती देतंस.”

 मालनने उठून तिथे होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पट्ट्या गोळा केल्या. तिने पाठवलेली, हुसेनच्या रिळाची उरलेली पुठ्ठ्याची चकती, बाळाची मास्किंग टेप, आणि दिवाणियात जाऊन जयरामची ॲल्युमिनियमचीसुद्धा. ते सगळं तिने बिल्कीसच्या गाडीत नेऊन टाकलं आणि दार आपटलं. बाळाला उद्या खिडक्या रंगवायच्या होत्या.

जेवण वाढलं. मालन बसली, कारण बिल्कीसने ताट हातात घेतलं होतं आणि ती आता उठणार नव्हती. मालन जयरामशी एक शब्द बोलली नाही. ती दत्तप्रसादला त्याच्या मुलांविषयी विचारत होती आणि तांडेलाच्या कानामागे बोटाने खाजवत होती, आणि तांडेल मान तिरकी करून डोळे मिटून बसला होता. तिथे इतके दिवस पट्टी होती. 

हात धुतल्यावर ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, की हरितगृहं बघायची आहेत. ते दोघे निघाले. तांडेल मागून निघाला. बाळाही निघाला होता, पण बिल्कीसने त्याला चहा करायला बसवलं. चहा झाला, पिऊन झाला, परत करून झाला. नझीर आपल्या पाण्याच्या नळ्या गुंडाळत होता. त्याला बाळाने लांबूनच हातवारे करून विचारलं की आत काय चाललंय. नझीरने सांगितलं, की काकड्या बघतायत.

बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आधी ऐकू आला आणि मग ते दिसले. मालनच्या हातात काकड्यांची पिशवी होती, जयरामच्या हातात टोमॅटोची, आणि ते भांडत होते. आकाशवाणी नव्हती. दोघेही गावातल्या तिठ्यावर उभं राहिल्यासारखे मोठमोठ्याने बोलत होते.

“बांगड्याच्या तिखल्यात कांदो घालूक तुका कोणी शिकवल्यान?”

“आमच्याकडे घालतत.”

“मासो तुमच्या गावात पोचेपर्यंत त्येका वास येता, म्हणान कांदो लागता.”

जयराम थांबला. आपलं नेरूर काही डोंगरात नाही, खाडी पलीकडेच आहे, मासा सकाळी ताजाच येतो, असं तो तिला हातवारे करून पटवून द्यायला लागला. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या शुक्रवारी सलव्याला ये, कांद्याशिवाय कसं करतात ते दाखवते, म्हणून सांगितलं. बिल्कीस म्हणाली, त्या दिवशी मी बाहेर जेवेन, मला या भांडणात घेऊ नका. दत्तप्रसादने काकड्यांची पिशवी गाडीत ठेवली.

लग्न मे महिन्यात गावी करायचं ठरलं. कंपनीने रजा दिली, इस्पितळाने द्यायला थोडी खळखळ केली, पण दिली. वहिनीला फोनवर कुत्र्याच्या कानाची सगळी हकिकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, खरं काय ते सांग.

हुसेन त्या शुक्रवारनंतर लगेचच आला आणि ते दोन टोकदार कान बघून त्याला इतका आनंद झाला की त्याने जयरामला मिठी मारली. दिवाणियाचं काम संपल्यावर तिघे कोकणी सबाह अल-सालेमला परत गेले. तांडेल शेतावरच राहिला. नझीर त्याला लांबून खाणं घालतो, पण दुपारी सावलीत दोघे जवळजवळ बसलेले दिसतात. हुसेनचे मित्र शेतावर येतात तेव्हा फाटकात तो काळा उंच कुत्रा, छाती काढलेला, कान भाल्यासारखे, असा उभा असतो. ते गाड्यांच्या काचा वर करतात आणि कोणी खाली उतरत नाही. मग नझीर येतो, काचेवर टकटक करतो आणि काही करत नाही म्हणून सांगतो. पहिला माणूस भीत भीत पाय खाली टाकतो. त्याबरोबर तांडेल धावत येतो, त्याच्या समोर वाळूत उताणा पडतो, चारही पाय वर करतो आणि पोट खाजवून घ्यायची वाट बघत पडून राहतो.